अर्ध्या सेकंदात ओळखलंत कसं?

आज रात्री एक गंमत करा. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून चॅनेल बदलत चला. बातम्या, कौटुंबिक मालिका, क्रिकेट, सिनेमा, पुन्हा मालिका. प्रत्येक ठिकाणी क्षणभरच थांबा. समोर काय चाललंय हे ओळखायला किती वेळ लागला? अर्धा सेकंदही नाही. आता मधेच एखाद्या गाजलेल्या वेब सिरीजमधलं दृश्य लावा. तेही चटकन वेगळं पडतं. घर तसंच, साडी तशीच, नट तर कधी कधी अगदी तोच. तरी डोळे सांगतात, ही रोजची मालिका नव्हे.

कशावरून? अहमदपूरच्या बसस्थानकासमोर टपरीवर चहा पिणाऱ्या दहा जणांना विचारलंत तर बहुतेक जण म्हणतील, "सिनेमावानी दिसतंय की!" उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. पण सिनेमावानी म्हणजे नेमकं कसं, असं विचारलं की सगळे गप्प. ओळखता येतं, सांगता येत नाही. मातृभाषेचंही असंच असतं ना? वाक्य चुकलं की कानाला लगेच कळतं, व्याकरणाचा नियम मात्र आठवत नाही. मग डोळ्यांची ही भाषा आपल्याला शिकवली कोणी? आणि कधी?

पहिला धडा मोजणीचा आहे. बोलपट आल्यापासून, म्हणजे १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून, सिनेमा सेकंदाला २४ चित्रं दाखवतो. आपल्याकडचं दूरदर्शन ज्या पद्धतीवर उभं राहिलं तिच्यात सेकंदाला २५ चित्रं होती, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत यायचं. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. म्हणजे डोळ्यांना सेकंदाला ५० झलका मिळायच्या. २४ आणि ५०. एवढाच फरक!

पण या फरकाने काय होतं बघा. सेकंदाला २४ चित्रं म्हणजे फार कमी. प्रत्येक चित्र टिपताना कॅमेऱ्याची झडप साधारण १/४८ सेकंद उघडी असते. तेवढ्या वेळात नटाने झटकन हात हलवला, तर चित्रात हाताऐवजी एक पुसट फराटा उमटतो. खरं तर ही त्रुटीच. पण आपण पिढ्यान्‌पिढ्या गोष्टी बघितल्या त्या याच फराट्यांमधून. शहरातल्या थिएटरात बघितल्या आणि यात्रेत उभ्या राहणाऱ्या तंबूतल्या पडद्यावरही बघितल्या. मेंदूने गाठ मारून टाकली. किंचित पुसट हालचाल म्हणजे गोष्ट. गुळगुळीत, लख्ख हालचाल म्हणजे आत्ता, इथे घडतंय ते. बातमी, मॅच, स्टुडिओ.

पटत नाही? पुरावा तुमच्याच घरात असू शकतो. बऱ्याच नव्या टीव्हींमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय दुकानातूनच चालू होऊन येते. दोन चित्रांच्या मधलं तिसरं चित्र टीव्ही स्वतःच कल्पनेने रंगवतो आणि मधे घुसवतो. परिणाम? शेकडो कोटींचा सिनेमा अचानक दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. रंग तेच, नट तेच, फक्त फराटे गेले. ही सोय बंद करा, अशी कळकळीची विनंती करणारा व्हिडिओ डिसेंबर २०१८मध्ये खुद्द टॉम क्रूझने काढला होता! रिमोटवर चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करता येते. करून बघा. जादू परत येते.

दुसरा धडा उजेडाचा. रोजच्या मालिकेला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिचं गणित बघितलं की टोपी काढावीशी वाटते. दररोज एक भाग दाखवायचा, म्हणजे जवळजवळ दररोज एक भाग चित्रित व्हायला हवा. त्यासाठी एकाच वेळी दोन-तीन कॅमेरे लावतात. एक सासूकडे, एक सुनेकडे, एक साऱ्या दिवाणखान्याकडे. आता उजेड कसा ठेवणार? तिन्ही कॅमेऱ्यांना चालेल असा, म्हणजे सगळीकडून. सगळीकडून उजेड आला की सावल्या संपतात. शिवाय ही मालिका स्वयंपाकघरात काम करता करता ऐकूनही कळली पाहिजे. म्हणून पात्रं मनातलंही मोठ्याने बोलतात आणि संगीत आधीच सांगतं की आता धक्का बसणार आहे.

सिरीजवाले बहुतेक वेळा एका कॅमेऱ्यासाठी, एका जागेसाठी, एका क्षणासाठी उजेड लावतात. दिवसाकाठी पडद्यावरची काही मिनिटं झाली तरी खूप. पण त्या बदल्यात त्यांना काय मिळतं? अंधार! खिडकीकडचा अर्धा चेहरा उजळलेला, उरलेला अर्धा काळोखात. त्या काळोखातल्या अर्ध्या चेहऱ्याचं काय चाललंय, याचा विचार आपण करत राहतो. निम्मी गोष्ट तिथे असते.

हा शोध वेब सिरीजचा मात्र नाही. जानेवारी १९८८मध्ये दूरदर्शनवर 'तमस' लागली. भीष्म साहनींची कादंबरी, फाळणीचा वणवा, दिग्दर्शक गोविंद निहलानी. आणि कॅमेऱ्यामागे कोण? व्ही. के. मूर्ती! १९५९च्या 'कागज़ के फूल'मध्ये काळोख्या स्टुडिओत वरून पडणारा तो प्रकाशाचा झोत आठवतो? बाहेरचं ऊन मोठ्या आरशांवरून परतवून तो आत आणला होता. आणला होता मूर्तींनी. निहलानींनी उमेदवारी केली होती ती त्यांच्याच हाताखाली. शिष्य दिग्दर्शक झाला आणि गुरू कॅमेऱ्याला डोळा लावून उभा राहिला. त्याच वर्षी श्याम बेनेगलांची ५३ भागांची 'भारत एक खोज' आली, तिच्यातही मूर्ती होते. 'तमस'च्या सेटवर नितीश रॉय यांच्या हाताखाली नितीन चंद्रकांत देसाई नावाचा एक मराठी तरुण काम शिकत होता. पुढे हिंदी सिनेमातले भव्य महाल त्याने उभे केले. म्हणजे छोट्या पडद्यावर मोठा सिनेमा आपल्याकडे तेव्हाच येऊन गेला होता. फक्त तो पाहुणा होता. मुक्कामाला यायला त्याला आणखी तीस वर्षं लागली.

६ जुलै २०१८ला नेटफ्लिक्सवर 'सेक्रेड गेम्स' आली. विक्रम चंद्रा यांची नऊशेहून अधिक पानांची कादंबरी, आठ भाग. गोष्ट दोन रुळांवरून धावते. एकावर आजच्या मुंबईतला पोलीस अधिकारी सरताज सिंग. शहर वाचवायला त्याच्याकडे २५ दिवस आहेत. दुसऱ्यावर गेल्या काही दशकांतला गुंड गणेश गायतोंडे. एका काळातून दुसऱ्या काळात उडी, पुन्हा परत, पुन्हा उडी. प्रेक्षक हरवणार कसा नाही?

इथे निर्मात्यांनी जे केलं ते ऐकून मी थक्क झालो. त्यांनी एकाच सिरीजला डोळ्यांच्या दोन जोड्या दिल्या. सरताजची गोष्ट विक्रमादित्य मोटवाने यांनी दिग्दर्शित केली, छायालेखन स्वप्निल सोनवणे यांचं. गायतोंडेची गोष्ट अनुराग कश्यप यांनी केली. तिथे सिल्वेस्टर फोन्सेका यांच्यासारखे दुसरे छायालेखक. दोन हात वेगळे, म्हणून अक्षराची वळणंही वेगळी. मग संकलक आरती बजाज यांनी हे दोन धागे एकात एक विणले. बघताना आपल्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. पहिल्या भागात थोडं चाचपडतो. दोन-तीन भाग झाले की दृश्याची पहिली चौकट दिसताच कुठल्या काळात आहोत ते समजतं. शिकलो की! फळा नाही, खडू नाही, परीक्षा नाही, तरी शिकलो.

या शिकवण्याची तयारी चित्रीकरणाच्या कितीतरी आधी सुरू होते. दिग्दर्शक आणि छायालेखक बसून नियम ठरवतात. या माणसाच्या दृश्यांत कॅमेरा स्थिर राहील, त्या माणसाच्या दृश्यांत खांद्यावर. हिच्या चेहऱ्याजवळ २५ मिलिमीटरचं रुंद भिंग घेऊन जायचं, म्हणजे चेहऱ्यासोबत तिची खोली, तिची भांडी, तिचा पसारा सगळं दिसेल. त्याच्याकडे मात्र दूर उभं राहून ८५ मिलिमीटरच्या भिंगातून बघायचं, म्हणजे मागचं जग धूसर होईल आणि तो गर्दीतही एकटा पडेल. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेपेक्षा वीतभर खाली नेला तर माणूस दांडगा वाटतो, वर नेला तर केविलवाणा. प्रेक्षकाला यातलं अक्षरही सांगायचं नाही.

आणि मग खरी गंमत! सहा तास कॅमेरा एका माणसासमोर निश्चल ठेवायचा. सातव्या तासाला, एका वाक्यावर, तो किंचित थरथरू द्यायचा. प्रेक्षकाच्या छातीत धस्स होतं. का झालं ते त्याला कळत नाही. नियम मोडून धक्का द्यायचा असेल तर तो आधी पाळावा लागतो, आणि पाळायला वेळ लागतो. अडीच तासांच्या सिनेमाकडे हा वेळ नसतो. सिरीजकडे तो मुबलक आहे. आजच्या उत्तम सिरीजच्या साऱ्या कारागिरीचं मूळ मला इथे दिसतं. पैसा आणि यंत्रं नंतर आली. आधी हातात आले आपल्या डोळ्यांना सवय लावता येईल इतके तास.

आता आपल्या मुलखात येऊ. अहमदपूरहून गंगाखेड, परभणी करत निघालं की दोन-तीन तासांत मानवत येतं. १९७२ ते १९७४ या काळात तिथे बायका-मुलींचे खून झाले आणि सारा महाराष्ट्र हादरला. तपास करणारे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी पुढे आपल्या आत्मकथनात हे प्रकरण लिहिलं. त्यावर ४ ऑक्टोबर २०२४ला सोनी लिव्हवर आठ भागांची मराठी सिरीज आली, 'मानवत मर्डर्स'. दिग्दर्शक आशिष बेंडे. कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर, सोबत मराठवाड्याचे मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर.

अशा सिरीजसमोर पहिला प्रश्न काय असेल? मराठवाड्यातलं गाव शोधायचं, हा? गावं खूप आहेत. प्रश्न आहे त्यातून पन्नास वर्षं काढून टाकायची कशी! मोबाइलचा टॉवर काढा. घरांवरच्या डिश काढा. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स काढा. प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, निळ्या टाक्या, ठिबकच्या नळ्या, नायलॉनच्या दोऱ्या, सिमेंटचे रस्ते, सगळं काढा. जे हाताने हलत नाही ते पुढे संगणकावर पुसा. मगच कुठे माळवदाची घरं, कडब्याच्या गंजी, बाज आणि पितळी तांब्या यांना बोलायला जागा मिळते.

पण सगळ्यात अवघड जिन्नस दिसत नाही, कारण त्यानेच सगळं दिसतं. तो म्हणजे उजेड. १९७२ची रात्र आणि आजची रात्र यांचा रंगच वेगळा! उजेडाच्या रंगाला माप असतं, केल्विन. लोखंड तापवलं की आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. आणखी तापू शकलं असतं तर निळसर झालं असतं. त्याच हिशेबाने मेणबत्तीची ज्योत साधारण १९०० केल्विन, कंदील तिच्या थोडा पुढे, जुना पिवळा बल्ब २७०० ते २८००, दुपारचं ऊन ५५००च्या आसपास. आज गावोगावी रस्त्यावर पांढरे एलईडी लागले आहेत. कॅमेऱ्याला यातला प्रत्येक रंग अचूक कळतो. आपला मेंदू मात्र लबाड. कंदिलाच्या उजेडातही पांढरं धोतर त्याला पांढरंच वाटतं. म्हणून छायालेखकाला दुहेरी काम करावं लागतं. उजेड खरोखर कंदिलाचा वाटला पाहिजे, पण चेहरा पिवळ्या रंगात बुडून जाता कामा नये. पडद्यावर दिसतो तो कंदील बहुतेकदा एकटा नसतोच. त्याच्यामागे, चौकटीच्या बाहेर, त्याच रंगाचा आणि ज्योतीसारखा हलणारा विजेचा दिवा लपवलेला असतो.

रात्रीचं आणखी एक नवल आहे. फिल्मच्या जमान्यात रात्रीच्या चित्रीकरणासाठीची नेहमीची फिल्म होती ५०० संवेदनशीलतेची. रस्ता दिसायला हवा तर ट्रकभर दिवे आणि जनरेटर न्यावे लागायचे. मग सोनीच्या व्हेनिससारखे कॅमेरे आले. त्यांत संवेदनशीलतेच्या दोन पायऱ्या असतात, ५०० आणि २५००. एक कळ फिरवली की पाचपट कमी उजेडात काम भागतं. पानाच्या ठेल्यावरचा एक दिवा, रिक्षाचा हेडलाइट, मोबाइलचा पडदा. चेहरा उजळायला एवढं पुरतं. गेल्या काही वर्षांत रात्रीची शहरं पडद्यावर एवढी खरी का वाटू लागली, याचं एक कारण हे.

आता चित्रीकरण संपलं आणि तुम्हाला कच्चं चित्र बघायला दिलं तर तुम्ही निराश व्हाल. करडं, फिकट, धुतल्यासारखं! बिघडलं की काय? अजिबात नाही. चांगला कॅमेरा उजेडाच्या १४-१५ दुप्पटी एका चौकटीत धरतो. म्हणजे सगळ्यात गडद भागापेक्षा सगळ्यात लख्ख भाग सोळा हजार पटींहून अधिक उजळ असू शकतो. एवढी मोठी पट्टी साठवायची म्हणून ती दाबून ठेवतात, आणि दाबलेलं चित्र मलूल दिसतं. पुढे एका अंधाऱ्या खोलीत कलरिस्ट बसतो आणि ते उलगडतो. खिडकीबाहेरचं आभाळ थोडं खाली, भिंत थोडी हिरवट, डोळ्यांतला ओलावा किंचित वर. आठ तासांची सिरीज, एकेक शॉट. नायकाचा संशय वाढत जातो तसा भागागणिक चित्रातला उबदारपणा थेंबाथेंबाने कमी करता येतो. एका भागात फरक दिसत नाही. पहिला आणि आठवा शेजारी ठेवले तर दोन वेगळी जगं!

डोळ्यांना शिकवलं, मग कान मागे का राहतील? इथे गोवारीकरांचंच जुनं काम बघा. २००१च्या 'लगान'च्या आधी कित्येक दशकं मोठे हिंदी सिनेमे बहुधा मुके चित्रित व्हायचे आणि संवाद नंतर स्टुडिओत भरले जायचे. 'लगान'मध्ये कच्छच्या माळरानावर, शेकडो माणसांच्या गर्दीत, नकुल कामटे यांनी आवाज जागच्या जागी टिपला. त्या ध्वनिलेखनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आज चांगल्या सिरीजमध्ये हीच रीत आहे. तिचा सगळ्यात मोठा फायदा बोलीला होतो. धापा टाकत, चालता चालता, समोरच्याचं ऐकून बोललेलं वाक्य जसंच्या तसं राहतं. चार महिन्यांनी थंडगार स्टुडिओत उभं राहून मराठवाडी हेल पुन्हा तसाच काढायला सांगा बरं!

आणि शांतता? तीही टिपतात. दृश्य संपलं की ध्वनिलेखक सगळ्यांना जागेवर थांबायला सांगतो. कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. अर्धा-एक मिनिट तो नुसती खोली रेकॉर्ड करतो. कारण प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. अहमदपुरातल्या मे महिन्याच्या दुपारची शांतता, पत्र्यांची टकटक आणि लांबवर उतारावर गियर बदलणारी एसटी, ही पुण्यातल्या बंद फ्लॅटच्या शांततेहून किती निराळी! संवादांच्या मधल्या फटी या शांततेने बुजवल्या नाहीत तर कान लगेच ठेचकाळतो. 'चेर्नोबिल' या २०१९च्या सिरीजची संगीतकार हिल्दुर गुडनादोतिर तर याच्या पुढे गेली. लिथुएनियातल्या बंद पडलेल्या इग्नालिना अणुवीज केंद्रात जाऊन तिथल्या यंत्रांचे, दारांचे, पोकळ दालनांचे आवाज तिने गोळा केले आणि त्यांतूनच संगीत रचलं. आपल्याला वाटतं मागे वाद्य वाजतंय. वाजत असते इमारत!

पुढच्या दृश्याचा आवाज आधी आणि चित्र मागाहून, हीसुद्धा अशीच एक खुबी. नवरा जेवतोय, चौकट त्याचीच आहे, पण रेल्वेची शिट्टी ऐकू येते. दीड सेकंदाने चित्र बदलतं आणि आपण फलाटावर असतो. कान आधीच पोचलेला, डोळा मागून येतो. म्हणून जोड जाणवत नाही. आज रात्री मोजा. एका भागात असे जोड ठायी ठायी सापडतील.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, जोड नसलाच तर? मार्च २०२५मध्ये 'अडोलेसन्स' ही ब्रिटिश सिरीज आली. चार भाग, आणि प्रत्येक भाग एकच सलग शॉट. तासाभराचा, एकही कट नाही! दिग्दर्शक फिलिप बरँटिनी, छायालेखक मॅथ्यू लुइस. एका भागासाठी सुमारे तीन आठवडे. आधी नटांच्या तालमी, मग कॅमेऱ्यासह तालमी, मग शेवटच्या आठवड्यात दिवसाला दोन या हिशेबाने प्रयोग. पहिल्या भागाचा दुसराच प्रयोग वापरला, चौथ्याचा सोळावा. दुसऱ्या भागात शाळा आहे, शेकडो मुलं आहेत. कॅमेरा या हातातून त्या हातात जातो, खिडकीतून बाहेर पडतो, पळत्या मुलामागे धावतो. शेवटी चालू असतानाच तो ड्रोनला अडकवतात, तो गावावरून उडतो, पलीकडे उतरतो, तिथे माणसं त्याला अलगद सोडवून घेतात आणि तो गोष्टीतल्या आरोपी मुलाच्या बापाच्या चेहऱ्याजवळ जाऊन थांबतो. तुम्ही बघताना यातलं काही बघत नाही. तुम्ही बापाकडे बघत असता. कसब लपवायलाही केवढं कसब लागतं!

यात आपल्या नटांना परकं वाटू नये. तीन अंक विनाकट जगायची सवय मराठी रंगभूमी कधीची लावते आहे. 'सेक्रेड गेम्स'मधला काटेकर, म्हणजे जितेंद्र जोशी, आणि मंत्री भोसले, म्हणजे गिरीश कुलकर्णी, दोघेही नाटकातून आलेले.

अर्थात सिरीज नटाकडून नाटक मागत नाही अशी एक विचित्र गोष्ट मागते. चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने होत नाही. कोर्टाची जागा आठ दिवस मिळाली, तर पहिल्यापासून शेवटपर्यंतची सगळी कोर्टाची दृश्यं त्या आठ दिवसांत. 'ट्रायल बाय फायर' आठवा. १३ जून १९९७ला दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात लागलेल्या आगीत ५९ माणसं गेली. आपली दोन्ही मुलं गमावलेल्या नीलम कृष्णमूर्ती यांची दोन दशकांहून मोठी लढाई या सिरीजमध्ये आहे, आणि नीलम झाली आहे मराठवाड्याची राजश्री देशपांडे. अशा भूमिकेत सकाळी दहाला दुःख आठ दिवसांचं असू शकतं आणि दुपारी तीनला पंधरा वर्षांचं. ताजं दुःख आणि मुरलेलं दुःख यांच्यात श्वास, मान, पदर सावरायची पद्धत, सगळं बदलतं. कोणत्या दृश्यात चष्मा कोणता, केस किती पांढरे, हातात फोन कुठला, याची वही एक माणूस सांभाळत असतो. मनातल्या वहीला मात्र नटाशिवाय वाली नाही.

एवढं सगळं करून तयार झालेली गोष्ट तुमच्या हातातल्या फोनवर येते कशी? हा शेवटचा चमत्कार, आणि कदाचित सगळ्यात अचाट. फुल एचडी चित्रात वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे जवळपास पाच कोटी ठिपके. ते जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला बाराशे मेगाबिटच्या आसपास लागतील. प्रत्यक्षात पाचेक मेगाबिटमध्ये भागतं. दोनशेहून अधिक पट लहान! हे जमतं कारण संगणक शेजारच्या मावशींसारखा वागतो. मावशी रोज समोरच्या घराचं साग्रसंगीत वर्णन करत नाहीत. कालच्यापेक्षा आज काय बदललं तेवढंच सांगतात. भिंत तीच, खिडकी तीच, फक्त पापणी लवली. तर पाठवा पापणी.

पण मावशींना अंधारातलं नीट दिसत नाही! गडद राखाडी आणि काळा यांच्यातल्या बारीक छटा 'एकच आहेत' म्हणून संगणक गाळून टाकतो. एप्रिल २०१९मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा रात्रीच्या लढाईचा भाग आला. ५५ रात्री जागून केलेलं चित्रीकरण. जगभरातून तक्रार आली की काहीच दिसत नाही! दोष एकाच जागी नव्हता. छायालेखक फेबियन वॅग्नर यांनी काळोख मुद्दाम गडद ठेवला होता, आणि दाबून पाठवताना त्यातल्या छटा आणखी हरवल्या. त्यातून बघणारा उजेडाच्या खोलीत बसलेला असेल तर संपलंच. म्हणजे कारागिरांच्या या लांबलचक साखळीतली शेवटची कडी आपण आहोत. खोलीतला दिवा मालवणं, पडद्याचा उजेड ठीक करणं, टीव्हीची ती गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवणं, ही आपल्या वाटची कारागिरी.

आणि आणखी एक काम करा. कुठलीही चांगली सिरीज संपली की लगेच दुसरी सुरू करू नका. त्याच सिरीजच्या पहिल्या भागाची पहिली दहा मिनिटं परत लावा. जे दृश्य आठ तासांपूर्वी नुसतं दृश्य होतं ते आता बोलू लागेल. हा दरवाजा इतका वेळ चौकटीत का ठेवला होता, या बाईच्या मागची भिंत हिरवट का होती, हा माणूस नेहमी उजेडाकडे पाठ करून का बसायचा, सगळं वाचता येईल. पहिल्यांदा तुम्हाला ही लिपी येत नव्हती. आता येते.